क्रॅनिओफॅरिंजिओमाच्या ऑपरेशननंतर मुलाचं वजन थांबतच नाहीये, कुणाला अनुभव आहे का?

मनूची_आई

नमस्कार, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज लिहितेय. मुलगा आठ वर्षांचा आहे. दिसायला कमी झालं आणि उंची वाढायची थांबली म्हणून एमआरआय केला तर क्रॅनिओफॅरिंजिओमा, म्हणजे मेंदूत पिट्युटरी ग्रंथीजवळ होणारी गाठ, निघाला. ऑपरेशन होऊन सात-आठ महिने झाले, गाठ जवळजवळ सगळी निघाली, कॅन्सर नाही म्हणाले, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. ऑपरेशनच्या वेळी वजन २४ किलो होतं, आता ४१ आहे. उंची १२६ सेंटिमीटर. आधी वाटलं डेक्सा (सुजेसाठीचं स्टेरॉइड) दिलं होतं त्याची सूज आहे, तोंड गोल झालं होतं, उतरेल हळूहळू. डेक्सा कधीच बंद झालं पण वजन काही थांबायचं नाव घेत नाही.

सध्या हायड्रोकॉर्टिसोन (शरीरात आता बनत नाही त्या स्टेरॉइडऐवजी) दिवसाला २० मिलिग्रॅम तीन वेळा मिळून (डिस्चार्जच्या वेळी लिहून दिलं तेच चालू आहे), थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि डेस्मोप्रेसिन (लघवीतून फार पाणी जाऊ नये म्हणून). मध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) फार कमी आलाय म्हणजे गोळी जास्त होतेय म्हणून थायरॉक्सिन निम्म्यावर आणलं.

भुकेचं काय सांगू. ताटावरून उठता उठता विचारतो आता पुढचं कधी. रात्री उठून स्वयंपाकघरात जातो. परवा मी कपाटाला कुलूप लावलं तर त्या कपाटासमोर खाली बसून रडत होता, हट्ट नाही, आदळआपट नाही, नुसता रडत होता, आणि मधेच म्हणाला की आई मला पण नको आहे गं हे. दिवसा शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपतो. डाएटचा तक्ता पाळतोय, मोजूनमापून देतोय, तरी महिन्याला काटा वरच. सासूबाई म्हणतात आजारपणात लाड केलेत त्याची फळं आहेत. मला खरंच कळत नाहीये हे नक्की कशाने होतंय आणि डॉक्टरांना काय विचारायचं.

सरळसाधा

स्पष्ट बोलतो राग मानू नका. वजन म्हणजे शेवटी खाल्लं किती आणि खर्च केलं किती, एवढाच हिशोब. मुलं रडतात, आपण विरघळतो. दोन महिने मन घट्ट करा, रोज तासभर पळवा, उतरेल. भाच्याचं असंच उतरलं.

रात्रपाळी

सरळसाधा, भाच्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं होतं का? नसेल तर हा हिशोब इथे लागू नाही.

मनूची आई, ताई, हा लाडाचा प्रकार नाही, सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा. माझ्या मुलीला हीच गाठ होती, आता ती कॉलेजात आहे, म्हणजे यातलं बरंच काही आमच्या घरातून जाऊन आलंय. याला हायपोथॅलॅमिक ओबेसिटी म्हणतात. ही गाठ होते पिट्युटरीच्या, म्हणजे बाकीच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीच्या जवळ, आणि तिथेच वर हायपोथॅलॅमस असतो. भूक, पोट भरल्याची जाणीव, तहान, झोप, अंगाचं तापमान सगळा कारभार तिथून चालतो. गाठीनेच तो भाग दाबलेला असतो किंवा काढताना दुखावतो, गाठ चिकटून बसलेली असते त्यामुळे सर्जनचा हात कितीही चांगला असला तरी. ही गाठ झालेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना पुढे वजनाचा त्रास होतो आणि सगळ्यात जोरात वाढ होते ती ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. म्हणजे तुम्ही आत्ता ऐन त्या चढावर आहात.

आत काय होतं ते सांगतो, कारण हे कळल्यावर आमच्या घरातली भांडणं निम्मी कमी झाली. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे आता पुरे. मनूच्या रक्तात लेप्टिन भरपूर असणार, पण ते ओळखणारी जागाच दुखावलीये. टाकी भरून वाहायला लागली तरी बॉलकॉक तुटलेला असेल तर पाणी बंद कसं होणार, तसं. मेंदूला मनापासून वाटतं की पोरगं उपाशी आहे, मग तो भूक तर वाढवतोच पण अंगाचा खर्चही कमी करून टाकतो, मूल बसल्या जागी पेंगतं, हालचाल नकोशी होते, आणि वर व्हेगस नर्व्हमधून (मेंदूतून पोटाकडे जाणारी नस) स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतो, आणि इन्सुलिनचं काम म्हणजे साठवून ठेवा. म्हणून तर तुम्ही मोजून देताय तरी वाढतंय. तक्ता चुकीचा नाही, पण तो ज्या शरीरासाठी बनवलाय तसं शरीर आता मनूचं राहिलेलं नाही.

हे काही नवीन शोध लागलंय असंही नाही. १९०१ मध्येच व्हिएन्नाच्या फ्रोलिश नावाच्या डॉक्टरने पिट्युटरीजवळ गाठ असलेला आणि झपाट्याने जाड झालेला १४ वर्षांचा मुलगा नोंदवून ठेवलाय. पुढे कितीतरी वर्षं सगळा दोष पिट्युटरीला दिला जायचा, मग १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसला नेमकी इजा करून दाखवली, पिट्युटरी शाबूत असून उंदीर फुगले. एवढं जुनं माहीत असून अजून घरोघरी आयांनाच बोल लावतात याचं मला आश्चर्य वाटतं.

आता कामाचं. तुमचा हायड्रोकॉर्टिसोनचा आकडा मला खटकला. या मुलांना साधारण ८ ते १० मिलिग्रॅम दर चौरस मीटर अंगाच्या पृष्ठभागामागे रोज, एवढं पुरतं असं आम्हाला सांगितलं होतं. पृष्ठभाग काढायचा तर उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. मनूचं १२६ गुणिले ४१ केलं तर साधारण १.२ येतो. म्हणजे रोजचा डोस १०-१२ च्या आसपास असायला हवा आणि तो घेतोय २०. ऑपरेशननंतर ताण म्हणून जास्त देतात आणि नंतर कमी करायचं राहून जातं, असं होतं कधी कधी. जास्त स्टेरॉइड म्हणजे जास्त भूक आणि पोटावर चरबी, उंचीही अडते. पण ताई, मनाने एक मिलिग्रॅमसुद्धा कमी करू नका, हा हिशोब कागदावर लिहून एंडोक्रायनोलॉजिस्टसमोर (हार्मोनच्या डॉक्टरांसमोर) ठेवा. मी डॉक्टर नाही, नुसता एक बाप आहे.

वॉर्डातली_मावशी

मी मुलांच्या हार्मोन ओपीडीत नर्स आहे, वरचं सगळं वाचलं, रात्रपाळी दादांनी बरोबर सांगितलंय. मला दुसरीच गोष्ट जास्त टोचली, ती थायरॉइडची. टीएसएच म्हणजे पिट्युटरी थायरॉइडला काम करायला सांगते ते हार्मोन. पिट्युटरीला मार बसला की ते बनतच नाही किंवा नीट बनत नाही, मग तो कमी येणारच, गोळी जास्त असो की कमी. या मुलांचा टीएसएच बघून डोस ठरवायचा नसतो, फ्री टी-फोर (रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन) बघायचा आणि तो नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात ठेवायचा प्रयत्न असतो. साध्या थायरॉइडच्या पेशंटची सवय असलेले डॉक्टर इथे हमखास फसतात. मुलगा दिवसा पेंगतो, वजन वाढतंय, थायरॉक्सिन निम्मं, मला तर फ्री टी-फोर तळाला असेल असं वाटतं. याच आठवड्यात करून घ्या.

पाण्याचं पण बघा. डेस्मोप्रेसिन चालू आहे म्हणजे लघवीवरचा ताबा औषधावर आहे. त्यामुळे आमच्याकडे आयांना सांगतो की सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर रोज वजन करा आणि भिंतीवर लिहा. चरबी एका रात्रीत किलोभर वाढत नाही, पाणी वाढतं. एकदम वजन चढलं आणि सोबत डोकेदुखी, उलटी, सुस्ती किंवा गोंधळल्यासारखं वागणं असेल तर सोडियम खाली गेलेलं असू शकतं, फिट येऊ शकते, तेव्हा तडक हॉस्पिटल. आणि तहान लागते म्हणून ज्यूस किंवा गोड पेयं देत असाल तर ते बंद, तहानेला फक्त पाणी. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण काही मुलं नुसत्या पिण्यातून एका जेवणाएवढ्या कॅलरी घेत असतात आणि तक्त्यात ते कुठे लिहिलेलंच नसतं.

दिवसा झोपतो त्याबद्दलही वेगळं बोला. हायपोथॅलॅमसमुळे झोपेचं घड्याळ बिघडतं ते एक, आणि वजनामुळे रात्री घोरणं, श्वास अडकणं सुरू होतं ते दुसरं. रात्री घोरतो का, मान मागे टाकून झोपतो का, बघून ठेवा, स्लीप स्टडी करा म्हणा. त्यासोबत साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिव्हरचे एन्झाइम, लिपिड (रक्तातली चरबी), बीपी, हे ठरावीक काळाने व्हायलाच हवं, या मुलांमध्ये लिव्हरवर चरबी लवकर चढते.

अर्धा_कप

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. मला गाठ झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता नोकरी करते.

मनूची आई, तो जे म्हणाला ना की मलाही नको आहे हे, ते वाचून पोटात तुटलं, कारण अगदी तसंच असतं. ती भूक पोटात नसते, डोक्यात असते. वर्गात बाई काय शिकवतायत ते कानावर पडायचं पण आत जायचं नाही, मधल्या सुट्टीला किती वेळ राहिलाय तेवढंच डोक्यात. पोट फुगून दुखत असायचं आणि तरी वाटायचं अजून काही खाल्लेलंच नाही. मला घरात हावरट म्हणायचे, मग मी चोरून खायला लागले, कागद गादीखाली लपवायला लागले. चोरून खाल्लेलं मोजलं जात नाही त्यामुळे डॉक्टरांना खोटा हिशोब जायचा आणि ते तक्ता आणखी कडक करायचे.

कुलपाबद्दल. कुलूप वाईट नाही, खरं सांगू का, मला नंतर कुलुपाने बरंच वाटायचं कारण मग स्वतःशी भांडायला लागत नाही. पण ते त्याला शिक्षा म्हणून अचानक लावलं तर वाईट. आधी त्याच्याशी बोला, तुझा मेंदू चुकीचा निरोप देतोय तर आपण त्याला मदत म्हणून हे करतोय, आणि जेवणाच्या वेळेनंतर स्वयंपाकघर घरातल्या सगळ्यांसाठी बंद. आमच्याकडे दिवसाच्या खाण्याच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्या होत्या आणि ताटं ओट्यावरच वाढून बाहेर आणायचे, पातेली टेबलावर येतच नसत. टीव्हीसमोर वाटी घेऊन बसणं बाबांचंसुद्धा बंद झालं, ते बरेच दिवस कुरकुरत होते. मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर उत्तर एकच मिळण्याने. आई नाही म्हणाली आणि आजीने हळूच दिलं, की मग पुढचा अख्खा दिवस मी विचारत राहणार, कारण कुठेतरी हो मिळतं हे कळलेलं असतं. पुढचं खाणं कधी आणि किती हे पक्कं माहीत असलं की डोकं थोडं गप्प बसतं. भूक जात नाही. पण तिची धास्ती कमी होते.

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी द्या, डॉक्टरांचं पत्र जोडून. बक्षीस म्हणून खाऊ नको, डब्यातलं दुसऱ्याचं नको, आणि पाणी प्यायला व लघवीला कधीही जाऊ द्या. आणि पेंगला तर आळशी म्हणू नका, हे वेगळ्या ओळीत लिहा.

सरळसाधा

ठीक आहे, मेंदूचं प्रकरण मला माहीत नव्हतं. पण मग व्यायामाचा काहीच उपयोग नाही असं म्हणायचंय का सगळ्यांना? ते पण पटत नाही.

अर्धा_कप

असं कोण म्हणालं? उपयोग आहे. वजन फारसं उतरत नाही एवढंच, पण साखर, झोप, मूड सगळ्याला फरक पडतो. रोज तासभर पळवा म्हणालात ते मात्र चालणार नाही. बऱ्याच मुलांची बाजूची नजर गेलेली असते, मला डावीकडून येणारा बॉल दिसायचाच नाही आणि मुलं हसायची, म्हणून मी खेळणं सोडलं होतं. पोहणं, चालणं, सायकल दोघांनी मिळून चालवायची असेल तर ती, असलं काहीतरी, सोबत मोठं माणूस आणि पाण्याची बाटली. खूप घाम येईल इतकं उन्हात नको.

मनूची_आई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. रात्री नवऱ्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही मग म्हणाला पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. अपॉइंटमेंट घेतली आहे. अजून एक, यावर औषध काही आहे का? वजन कमी करायची इंजेक्शनं आहेत म्हणतात ती चालतात का इतक्या लहान मुलाला? आणि ग्रोथ हार्मोन अजून सुरू केलेलं नाही, उंची मात्र थोडी वाढलीये, म्हणजे ते त्याचं त्याचं सुरू झालं असं समजायचं का?

रात्रपाळी

उंचीचं आधी. त्यावर जाऊ नका, या मुलांमध्ये ग्रोथ हार्मोन नसतानाही काही काळ उंची वाढते, वाढलेल्या इन्सुलिनमुळे आणि वजनामुळे असं मानतात. म्हणून उंची वाढतेय म्हणजे हार्मोन आहे असं होत नाही. साधारण वर्षभर एमआरआय स्वच्छ राहिला की मग सुरू करायचं की नाही ते ठरवतात. त्याने चरबी-स्नायूंचं प्रमाण सुधारतं, भूक नाही सुधारत.

औषधांचं असं आहे की सगळ्यांना लागू पडेल असं एक औषध नाही. मेटफॉर्मिन इन्सुलिनसाठी देतात, फार अपेक्षा ठेवू नका. मेथिलफेनिडेट किंवा डेक्सअँफेटामिनसारखी उत्तेजक औषधं काही मुलांना देतात, पेंगणं कमी होतं, हालचाल वाढते, माझ्या मुलीला याचा फायदा झाला, निदान ती संध्याकाळी जागी दिसायला लागली. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही ती वजनाची इंजेक्शनं, काहींना छान लागू पडतात आणि काहींना अजिबात नाही, कारण त्यांचं बरंच काम ज्या भागात होतं तोच भाग इथे दुखावलेला असतो. साध्या लठ्ठपणासाठी अमेरिकेत ती १२ वर्षांपासून पुढे मंजूर आहेत, आठ वर्षांच्या मुलाला द्यायची की नाही हे तज्ज्ञच ठरवतील.

सध्या सगळ्यांचं लक्ष आहे ते सेटमेलानोटाइडवर. लेप्टिनच्या साखळीत पुढे एमसी४आर नावाचा रिसेप्टर असतो, हे औषध थेट त्याला चालू करतं, म्हणजे तुटलेला भाग ओलांडून पुढे जातं. आधी काही जनुकीय लठ्ठपणासाठी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं. मग खास हायपोथॅलॅमिक ओबेसिटीच्या १२० पेशंटवर, चार वर्षांच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत, वर्षभराची ट्रायल झाली आणि २०२५ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी साडेसोळा टक्के उतरला आणि नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) घेणाऱ्यांचा तीनेक टक्के वाढला. या आजारात एवढा फरक याआधी मी तरी वाचला नव्हता. मळमळ होते आणि कातडी, तीळ काळवंडतात, मुलाला ते आधी सांगून ठेवावं लागतं. तुमच्याकडे मिळतं का आणि कुठल्या नियमाखाली हे डॉक्टरांना विचारा, देशोदेशी वेगळं आहे. बॅरिएट्रिक सर्जरीचा (वजनासाठी पोटाच्या ऑपरेशनचा) विषय कुणी काढला तर या वयात लगेच नको, नंतर उलट्या झाल्या की हायड्रोकॉर्टिसोन पोटात टिकत नाही आणि ते धोक्याचं आहे.

आणि एक, पहिलं ध्येय वजन उतरवणं ठेवू नका. वाढायचा वेग कमी झाला तरी ते मोठं यश आहे. आम्ही सुरुवातीला दर महिन्याला काटा खाली यायची वाट बघायचो आणि दर महिन्याला घर सुतकात.

मनूची_आई

जाऊन आलो, कळवते. फ्री टी-फोर खरंच खूप खाली निघाला, थायरॉक्सिन परत पूर्वीच्या डोसवर. हिशोबाचा कागद दाखवला, डॉक्टर चिडतील वाटलं होतं पण त्यांनी स्वतः मोजून बघितलं आणि हायड्रोकॉर्टिसोन टप्प्याटप्प्याने १२ वर आणायचं ठरलं, सकाळचा डोस मोठा आणि संध्याकाळचा अगदी छोटा. जुन्या एमआरआयवरून हायपोथॅलॅमसला दोन्ही बाजूंनी इजा आहे म्हणाले, हे ऐकून वाईट वाटलं पण निदान नाव तरी मिळालं. स्लीप स्टडीचा नंबर लावलाय. ज्यूस बंद केला, हो, देत होते मी, तहान तहान करायचा म्हणून. स्वयंपाकघर आता सगळ्यांसाठी बंद असतं आणि आश्चर्य म्हणजे सासूबाईच सगळ्यात कडक झाल्यात, मोठ्या दिरांना पण हात लावू देत नाहीत. या महिन्यात अर्धा किलो वाढलं, आधी दोन-अडीच वाढायचं. भूक आहे तशीच आहे.

वॉर्डातली_मावशी

फार बरं वाटलं वाचून. आता डोस कमी होतोय तर एक लक्षात ठेवा, रोजचा डोस कमी झाला म्हणजे तापातला डोस बंद झाला असं नाही. ताप, मार लागणं, दात काढणं, कुठलीही भूल, अशा वेळी किती पट वाढवायचं ते लेखी मागून घ्या. उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, ते घरात हवं, एक शाळेत हवं, आणि द्यायचं कसं ते तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनीही ओपीडीत हाताने करून शिकून घ्या, आम्ही संत्र्यावर टोचायला लावतो. एक्स्पायरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. तापात वाढवलेला डोस किती दिवसांनी आणि कसा परत खाली आणायचा तेही त्याच कागदावर लिहून घ्या, नाहीतर तो वाढलेलाच राहतो आणि परत २० वर याल.

स्लीप स्टडीचा रिपोर्ट आला की टाका इथे.